दुबईत फ्लॅट घेताय? आधी इथल्या बँकेचं बघा

दुबईत फ्लॅट कसा घेतलास हे मला आतापर्यंत निदान वीसेक जणांनी विचारलं असेल, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "एरिया कुठला चांगला?" हाच. एरियाचं नंतर बघू हो. तिकडची रजिस्ट्री एका दुपारचं काम आहे, खरी कसरत आहे ती इथून कायदेशीर पैसा तिकडे नेण्याची, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. (हे सगळं भारतात राहणाऱ्यांसाठी. एनआरआय असाल तर यातलं अर्धं तुम्हाला लागूच नाही, मजा करा.)

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस स्कीममध्ये (भारतात राहणाऱ्यांनी परदेशी पैसे पाठवायची सोय) एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, म्हणजे झाले साधारण ९ लाख १८ हजार दिरहम. यात फ्लॅट आणि वरचा खर्च दोन्ही बसवायचं. नाही बसलं तर बायकोचं लिमिट वापरता येतं, पण मग तिचं नाव टायटल डीडवर, म्हणजे तिकडच्या मालकीच्या कागदावर पाहिजे, नुसतं "आमच्या हिच्या खात्यातून पाठवले" चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे १ एप्रिलनंतर पाठवायचे, दोन वर्षांची दोन लिमिटं मिळतात. फक्त पाठवलेला पैसा १८० दिवसांत गुंतवला नाही तर परत आणावा लागतो, त्यामुळे फ्लॅट साधारण ठरल्याशिवाय ही हुशारी करू नका.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो कर. वर्षाला १० लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २०% कापून घेते. २ कोटी पाठवले तर १ कोटी ९० लाखांवर ३८ लाख! हा वेगळा जादा टॅक्स नाहीये, रिटर्न भरताना वळता होतो किंवा रिफंड येतो, नोकरी असेल तर कंपनीला कळवून पगाराच्या टीडीएसमध्येही ॲडजस्ट करून घेता येतो. पण तोपर्यंत ३८ लाख अडकले ना. माझ्या ओळखीतल्या एकाने फ्लॅटचे पैसे अगदी मोजून ठेवले होते, टीसीएसचं कळलं तेव्हा एफडी मोडायला पळाला. आणि हो, या रेमिटन्ससाठी इथली बँक कर्ज देत नाही. पैसा स्वतःचाच पाहिजे.

बँकेत ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरताना पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत तो कोड, स्वतः वाचा. हे मी जोर देऊन सांगतोय कारण आमच्या शाखेतल्या पोराने माझ्या पहिल्या रेमिटन्सला "नातेवाइकांचा चरितार्थ" वाला कोड टाकला होता, म्हणे सर हा पटकन पास होतो. मला दोन महिन्यांनी कळलं. मग पत्रं, अर्ज, मॅनेजरच्या केबिनबाहेर बसणं, तिसऱ्या फेरीत दुरुस्ती झाली. परदेशातल्या स्थावर मालमत्तेचा कोड वेगळा आहे, तोच पाहिजे, आणि पैसे गेल्यावर मिळणारी स्विफ्टची (पैसे परदेशी गेल्याच्या बँकेच्या संदेशाची) कॉपी जपून ठेवा, उद्या विकून पैसे परत आणताना पैसा कुठून गेला होता याचा पुरावा तोच.

हॉटेलात प्रॉपर्टी शो भरतात, समोसा-कॉफी देतात आणि "सर आत्ता फक्त बुकिंग अमाउंट कार्डवर स्वाइप करा" म्हणतात. नका करू. क्रेडिट कार्डवरून परदेशात प्रॉपर्टी घेणं फेमामध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. "महिन्याला १%" हप्ता वाल्या अंडर-कन्स्ट्रक्शन स्कीमलाही सीएला दाखवल्याशिवाय सही नको, कारण भारतात राहून परदेशातल्या हप्त्यांचं देणं अंगावर घेणं ही वेगळीच भानगड होऊ शकते. मी त्यात पडलोच नाही, तयार रीसेल फ्लॅट घेतला.

आता दुबई. परदेशी माणसाला मालकी फक्त फ्रीहोल्ड भागात मिळते, म्हणजे मरीना, बिझनेस बे, जेव्हीसी (जुमेरा व्हिलेज सर्कल) वगैरे. जुन्या करामा-देरा भागात बहुतेक ठिकाणी नाही, आपली माणसं तिकडे कितीही असली तरी. एजंटकडे रेराचं (तिकडच्या रिअल इस्टेट नियामकाचं) ब्रोकर कार्ड आहे का ते दुबई रेस्ट या सरकारी ॲपवर बघा. किंमत ठरली की फॉर्म एफ होतो, हा आपला साठेखताचा भाऊ, आणि १०% चा चेक डिपॉझिट म्हणून ठेवतात. मग विकणारा डेव्हलपरकडून एनओसी आणतो, म्हणजे सर्व्हिस चार्ज थकलेला नाही असा दाखला. ती आली की ट्रस्टी ऑफिसात, म्हणजे लँड डिपार्टमेंटच्या वतीने नोंदणी करणाऱ्या कार्यालयात ट्रान्सफर.

वरचा खर्च बघा. ८ लाख दिरहमचा फ्लॅट धरला तर लँड डिपार्टमेंटची फी ४% म्हणजे ३२ हजार, एजंट २% अधिक व्हॅट म्हणजे १६,८००, ट्रस्टी ऑफिस ४,२००, टायटल डीडचे ५८०, शिवाय एनओसीचे काही. सगळं मिळून ७% च्या आसपास जातं. कायद्याने ४% दोघांत वाटून असते म्हणतात, प्रत्यक्षात घेणाराच भरतो, त्यावर वाद घालत बसू नका.

आमचं ट्रान्सफर तासाभरात उरकलं. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट बघितले, मॅनेजर्स चेक (आपल्या डिमांड ड्राफ्टसारखा) उलटसुलट करून बघितला, विकणाऱ्या गृहस्थांनी बिस्किटाच्या डब्यातून दोन चाव्या, पार्किंगचं कार्ड आणि एसीचा रिमोट काढून माझ्यापुढे सरकवला आणि डीड प्रिंट होऊन आलं सुद्धा. आपल्याकडचं सब-रजिस्ट्रार ऑफिस आठवून हसू आलं. फक्त नावाचं सांभाळा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, आणि पासपोर्टवर एक, पॅनवर दुसरं असलं तर इथली बँक अडवते, तिकडे डीड पासपोर्टप्रमाणे होतं. निघायच्या आधी दोन्ही जुळवून घ्या.

स्वतः जाणं जमत नसेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी करता येते, पण नोटरी, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात आणि परत तिकडे शिक्का नि अरबी भाषांतर एवढी वरात आहे. विमानाचं तिकीट स्वस्त पडतं.

फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर नीट विचारा. स्वतः राहायचं म्हणून त्याला काढायचं असेल तर १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सर्व्हिस चार्जही आधी विचारा, तो स्क्वेअर फुटावर असतो, १५ दिरहम दर आणि ७०० फूट धरले तरी वर्षाला १०,५०० गेले. "८% रिटर्न" सांगणारा एजंट हे वजा करत नाही.

भाड्यावर तिकडे इन्कम टॅक्स नाही, पण इथे आहे, ३०% स्टँडर्ड डिडक्शन जाऊन उरलेलं तुमच्या स्लॅबमध्ये येतं. आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) भरायचाच, फ्लॅट रिकामा असला तरी. गंमत म्हणजे तो जानेवारी ते डिसेंबर असा मोजतात, एप्रिल-मार्च नाही. माझा सीए पहिल्या वर्षी इथेच घसरला होता, मीच पकडलं. दडवलं तर ब्लॅक मनी कायद्यात १० लाखांचा दंड होऊ शकतो, त्यामुळे सीए निवडताना सरळ विचारा, "एफए भरलाय का कधी?" गप्प झाला तर दुसरा बघा.