सायलेन्सर घ्यायला निघण्याआधी

उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या लातूर-बीडकडच्या ट्रकवाल्यांना टायर आठवतात आणि सायलेन्सर आठवतो. टायरसाठी माणूस चार दुकानं पालथी घालतो. सायलेन्सरचं मात्र 'कोणता पण टाक, आवाज बसला की झालं' असंच असतं. साध्या जुन्या इंजिनाला ते चालून जायचं. टर्बो गाडीला, म्हणजे धुराच्या रेट्यावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या गाडीला, चालत नाही.

तर सगळ्यात आधी आरसी काढून गाडी कोणत्या सालची आहे ते बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक लागू झालं. त्या गाड्यांच्या खाली जो मोठा डबा दिसतो तो नुसता सायलेन्सर नसतो. त्यात काजळी धरणारा फिल्टर असतो, युरियावर चालणारा, धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिस्ट असतो आणि भोवती सेन्सर. तो काढून बाजारातला डबा बसवला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ताकद आपोआप कापली जाते. अशी गाडी सरळ कंपनीच्या वर्कशॉपला न्यायची, पुढचं वाचायची गरज नाही. त्याआधीच्या बीएस ४ वाल्यांनीही खाली वाकून बघावं: डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची छोटी टाकी असेल तर तुमच्या डब्यातही कॅटॅलिस्ट आहे.

टाकी नसेल, तर आता जुना का गेला ते शोधा. इंजिन गार असताना शेपटीच्या पाइपात बोट फिरवा. काजळी कोरडी असेल, चिमटीत घासली की भुकटी होत असेल, तर ठीक. बोटाला चिकट, तेलकट काळं लागलं तर आधी टर्बो खोलून दाखवा. सील गेलेला टर्बो ऑइल पुढं फेकतो, आणि नवा सायलेन्सर महिन्याभरात आतून तेलानं भिजतो. मग पान्याच्या मागच्या बाजूनं डब्यावर हलकं ठोका. खळखळ वाजलं तर आतली पार्टिशनची पट्टी सुटली आहे. एकाच जागी भद्द आवाज आला तर काजळी साचली आहे.

इथं माझीच गोष्ट. गाडी चढाला ओढेना, काळा धूर ओकायची. सायलेन्सर चोंदला असं मीच ठरवलं आणि नवा बसवून मोकळा झालो. मांजरसुंब्याच्या घाटात पुन्हा तेच! शेवटी इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) रबरी होजला क्लॅम्पखाली बोटभर चीर सापडली. हवा तिथूनच निघून जात होती. तेव्हा होज, क्लॅम्प आणि एअर फिल्टर बघितल्याशिवाय सायलेन्सरवर खापर फोडू नका.

मग माप. दुकानदार 'चार इंची आहे ना?' विचारतो आणि आपण मान हलवतो. एक सुतळी घ्या, टर्बोकडून येणाऱ्या पाइपाला घट्ट गुंडाळा, लांबी मोजा. ३२ सेंटिमीटर भरली तर बाहेरून ४ इंच, २८ भरली तर साडेतीन. हे तंतोतंत पाहिजे, कारण ४ इंची पाइपाचं तोंड ३ इंचीच्या जवळपास पावणेदोन पट असतं. टर्बोचा पंखा फिरतो तो इंजिनातून येणाऱ्या धुराच्या रेट्यावर. पुढं वाट अरुंद झाली की धूर मागं दाबला जातो, पंखा मंदावतो, हवा कमी पडते, इंजिन तापतं आणि डिझेल वाया जातं. पाइपाबरोबर डब्याची लांबी, फ्लँजच्या (जोडाच्या चकतीच्या) भोकांमधलं अंतर आणि डबा टांगायच्या हँगरच्या जागाही लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढला तर उत्तमच.

याचं उलटं टोकही आहे. 'डबाच काढ, सरळ पाइप टाक, गाडी पळते बघ' असं सांगणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर भेटतो. पंप तेवढंच डिझेल सोडणार असेल तर ताकद येणार कुठून? वाढतो तो आवाज. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि आवाज-धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही ३ महिने जातं.

दुकानात गेल्यावर डब्याच्या एका तोंडातून दुसरीकडं बघा. आरपार उजेड दिसला तर आत भोकांची नळी आणि भोवती काचेची लोकर. नाही दिसला तर कप्प्यांचा. कप्प्यांचा घेताना तो मूळ गाडीच्याच पॅटर्नचा पाहिजे. उसाच्या गाडीला मी तोच घेईन. लोकर भिजली की दडपून बसते, आणि कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेत भिजायला वेळ लागत नाही. गाडी चालू करायची, दोन गाड्या पुढं सरकायचं, बंद करायची, हे रात्रभर. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं, आणि डबा तापलाच नाही तर ते आतच राहतं. म्हणून खालच्या अंगाला पाणी निथळायचं बारीक भोक आहे का ते विचारा. बसवताना ते खालीच आलं पाहिजे. पत्र्याला चुंबक लावून बघा. 'तीनशे चारचं स्टेनलेस' म्हणून पैसे मागत असेल आणि चुंबक टपकन चिकटलं, तर भाव पाडा.

बसवायला गॅसकेट, यू क्लॅम्प, नट-बोल्ट आणि हँगरची रबरं नवीच आणा. मधला फ्लेक्झिबल पाइप फाटला असेल तर तोही. इंजिन थरथरतं, चेसी वेगळी हलते, तो झटका हाच पाइप पितो. पैसे वाचवायला त्यावर वेल्डिंग मारून कडक करू नका, मग टर्बोची फ्लँज तडकते. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून गाडी रोखणारा) असेल तर त्याच्या झडपेआधीचा एकही जोड फुसफुसता कामा नये, नाहीतर घाटात उतरताना तो ब्रेक नावालाच उरतो.

शेपटीचं तोंड कुठं वळतंय ते मिस्त्री निघायच्या आत बघून घ्या. टायर, ब्रेकचे हवेचे पाइप, वायरिंग आणि डिझेलची टाकी यांच्यापासून लांब, आणि वर माल असतो तिकडं तर मुळीच नको. कडबा किंवा कापूस भरणाऱ्यांना हे सांगायला नको. पण सुगीत लोक रस्त्यावर सोयाबीन, तूर पसरतात. ते काड गाडीखाली गुंडाळलं जातं आणि तापलेल्या डब्यावर धुमसायला लागतं. रस्ता ओलांडला की थांबा आणि आकड्यानं ओढून काढा.

पहिल्या खेपेनंतर गार गाडीचे क्लॅम्प पुन्हा आवळा. जुना डबा भंगारात लगेच घालू नका; त्याच्या हँगरच्या पट्ट्या चांगल्या असतील तर कापून ठेवा.