पुढे एकच प्लेट: तीन प्लेटवाली एमटीबी घरच्या घरी वन बाय कशी करायची

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर एमटीबी (माउंटन बाइक) चालवली असेल तर हे झालंच असणार. समोर चढ आलाय, डाव्या अंगठ्याने शिफ्टर दाबताय, आणि चेन काही मधल्या प्लेटवरून (प्लेट किंवा चेनरिंग म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती) छोट्या प्लेटवर उतरत नाही, कारण पुढच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर ढकलणाऱ्या भागाच्या, पिंजऱ्यात टायरने उडवलेला चिखल गच्च बसलाय. माझ्या सायकलला दोन पावसाळे हेच चाललं होतं. शेवटी पुढचा डिरेलर, दोन प्लेट, डावा शिफ्टर आणि त्याची केबल असं सगळं काढून पुढे एकच चेनरिंग ठेवली आणि मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरचा गठ्ठा) टाकली. यालाच वन बाय म्हणतात. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने एक्सएक्स१ हा ११ गिअरचा सेट आणला, मागे १० ते ४२ दाते, तेव्हापासून हे जोरात सुरू झालं आणि आता नवीन चांगल्या एमटीबीला पुढचा डिरेलर क्वचितच दिसतो. पण जुनी सायकल विकून नवी घ्यायची गरज नाही, जुनीच बदलता येते.

माझी सायकल २७.५ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे ४४-३२-२२ आणि मागे ९ गिअर, ११ ते ३४. खालचे आकडे याच सायकलचे आहेत, तुम्ही तुमच्या सायकलचे दाते मोजून घ्या, सगळ्यात आधी तेच करा.

आधी हिशोब, मग खरेदी

बहुतेक जण आधी पार्ट मागवतात आणि मग चढावर पाय टेकायची वेळ येते. हिशोब सोपा आहे, पुढचे दाते भागिले मागचे दाते. उत्तर जितकं कमी तितका चढ हलका. माझा सगळ्यात हलका गिअर २२/३४ म्हणजे ०.६५ होता. पुढे ३२ ची प्लेट आणि मागे ४६ चा मोठा दाता (म्हणजे ४६ दात्यांची चकती) घेतला तर ०.७० येतो, म्हणजे थोडा जड पण चालण्यासारखा. पुढे ३२ आणि मागे ४२ घेतला तर ०.७६, आणि हा फरक कागदावर छोटा दिसतो पण कच्च्या चढावर मांड्यांना बरोब्बर कळतो. पुढे ३० मागे ४६ केलं तर पुन्हा ०.६५, जसं होतं तसंच.

एक रुपया खर्च करायच्या आधी एक चाचणी करा. तुमच्या भागातला सगळ्यात अवघड चढ घ्या, आमच्याकडे पुण्यात सिंहगडाचा घाट त्यासाठीच आहे. तो चढ छोट्या प्लेटवर पण मागच्या शेवटच्या दात्याला हात न लावता, त्याच्या आधीच्या दात्यावर चढा. माझ्या कॅसेटमध्ये तो ३० चा आहे, २२/३० म्हणजे ०.७३. एवढ्यावर पाय न टेकता वर गेलात तर ३२/४६ तुम्हाला नक्की पुरेल. दम तुटला तर ३० ची प्लेट किंवा मागे ५१ दात्यांची कॅसेट बघा. ज्यांच्याकडे ८ गिअर आहेत, पुढे २२ आणि मागे शेवटचा ३२, त्यांचा आत्ताचाच हलका गिअर ०.६९ आहे, त्यांना फरक जाणवणारही नाही.

वरच्या टोकाला मात्र काहीतरी सोडावं लागतं. ४४/११ म्हणजे ४.० होता तो ३२/११ म्हणजे २.९ होतो. मिनिटाला ९० पेडल मारले तर २७.५ च्या चाकावर साधारण ३४ किलोमीटरचा वेग, त्याच्या पुढे पाय नुसते फिरतात. ट्रेलवर एवढा वेग कोणाला लागतो? पण तुम्ही त्याच सायकलवर हायवेने ग्रुपबरोबर शंभर-दीडशे किलोमीटर मारत असाल तर माझं स्पष्ट मत आहे, तीन प्लेट राहू द्या, डिरेलर साफ ठेवा.

सायकलला काय चालतं ते बघा

दोन गोष्टी तपासायच्या. पहिली क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा. प्लेट क्रँकला बोल्टने लावल्यात की रिव्हेट मारल्यात? रिव्हेट असतील तर प्लेट बदलता येत नाही, अख्खा क्रँक बदलावा लागतो. चार बोल्ट असतील तर मोठी प्लेट धरणाऱ्या शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोजा, साधारण ७३.५ मिलीमीटर आलं की तुमचा क्रँक १०४ बीसीडीचा (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलीमीटर), आणि त्याला ३२ ची प्लेट सहज मिळते. ३० ची पण मिळते पण तिची बनावट वेगळी असते, बोल्टचे आटे प्लेटमध्येच पाडलेले असतात.

दुसरी गोष्ट मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. चाक काढा आणि गिअरचा गठ्ठा उलटा फिरवा. मधला खाचांचा भाग, जिथे टूल बसतं तो, दात्यांबरोबर फिरला तर कॅसेट आहे, जागेवर थांबला तर फ्रीव्हील, म्हणजे अख्खा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला. फ्रीव्हील असेल तर हब किंवा चाक बदलायचा खर्च धरा, आणि मग खरं सांगायचं तर सायकल स्वस्तातली असेल तर एवढा खर्च परवडत नाही.

मी घेतलं ते असं: १० गिअरची शिमानो डिओर एम४१०० ची कॅसेट ११-४६, त्याच मालिकेचा उजवा शिफ्टर, ४६ दाते झेपणारा क्लचवाला मागचा डिरेलर, १० ची चेन, ३२ ची नॅरो-वाइड प्लेट, सिंगल प्लेटचे छोटे बोल्ट, नवी केबल. ही कॅसेट जुन्या ८-९ गिअरच्या शिमानो हबवर बसते. बारा गिअरवाल्या शिमानोला हबची बॉडीच वेगळी लागते, ऑर्डर करताना तिथे लोक फसतात. ९ चा जुना शिफ्टर १० च्या डिरेलरबरोबर चालत नाही, केबल ओढायचं प्रमाण वेगळं आहे, म्हणून शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट एकमेकांना जुळणारेच घ्या. क्लचमध्ये पैसे वाचवू नका. क्लच चेन ताणून धरतो, खडकाळ उतारावर चेन उडत नाही.

खोलायचं काम

चेन तोडा, डाव्या शिफ्टरची केबल कापा, पुढचा डिरेलर सोडवा. पट्ट्याखाली वर्षानुवर्षांचा चिखल असतो, तो ओल्या फडक्याने पुसा, खरवडू नका, फ्रेमचा रंग जातो. डावी ग्रिप निघत नसेल तर खाली थोडं सॅनिटायझर सोडा, सरकते आणि नंतर वाळून घट्ट पण होते. फ्रेममध्ये केबलचं भोक उघडं पडलं असेल तर रबरी बूच किंवा टेप लावा, नाहीतर पाणी आत जातं.

आता क्रँक. मधली प्लेट स्पायडरच्या (क्रँकच्या प्लेट धरणाऱ्या हातांच्या) आतल्या बाजूला असते त्यामुळे उजवा क्रँक काढल्याशिवाय ती निघत नाही. चौकोनी एक्सलवाला क्रँक असेल तर पुलर (क्रँक ओढून काढायचं टूल) लागतो आणि इथे घाई अजिबात करू नका. आधी बोल्ट काढा, मग आत वायसर राहिलाय का ते टॉर्च मारून बघा, मग पुलर हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, आणि मगच पाना लावा. माझा पहिल्या वेळी पुलर दोनच आटे बसला होता आणि मी जोर लावला, क्रँकचे ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर आले, क्रँक नवा घ्यावा लागला. चेनरिंगचे बोल्ट सोडवताना मागची नट गोल गोल फिरते, तिला दोन दातांचा छोटा पाना मिळतो.

प्लेट, कॅसेट, चेन

नवी प्लेट मधल्या प्लेटच्या जागी, म्हणजे स्पायडरच्या आत लावायची, बाहेर नाही. बाहेर लावली तर हलक्या गिअरला चेन फारच तिरकी जाते. जुने बोल्ट दोन प्लेटसाठी लांब असतात, ते आवळले तरी प्लेट हलत राहते, म्हणून छोटे बोल्ट. बाहेरच्या जागी बॅशगार्ड (प्लेटला दगडांपासून वाचवणारी कडी) लावणार असाल तर लांबच वापरा. बोल्टला ग्रीस लावा, समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, ॲल्युमिनियमच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर पुष्कळ झालं.

कॅसेट चढवताना एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, ती जुळली की प्रत्येक दाता सरकन आत जातो. लॉकरिंग ४० न्यूटन मीटर, म्हणजे चांगलं कट्ट कट्ट वाजेपर्यंत.

चेनची लांबी अशी मोजायची की चेन पुढच्या प्लेटवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या दात्यावर टाकायची, डिरेलरमधून ओवायची नाही, दोन्ही टोकं घट्ट एकत्र आणायची आणि तिथून एक आतली एक बाहेरची अशा दोन कड्या जास्त सोडून तोडायची. डिरेलरबरोबर आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. फुल सस्पेन्शन असेल तर मागचा शॉक दाबून मोजा, नाहीतर दणक्याला चेन डिरेलर उपटून काढेल.

आता नॅरो-वाइड प्लेट जवळून बघा. एक दाता जाड, एक बारीक, पुन्हा जाड. चेनमध्येही एक फट रुंद, एक अरुंद. रुंद फटीत जाड दाता बसला पाहिजे. एक दाता चुकला तर चेन दात्यांवर उचललेली दिसते आणि चार पेडलमध्ये खाली येते, मग सरळ काढून एक कडी पुढे सरकवायची.

ट्युनिंग

डिरेलर लावायच्या आधी मागून हँगर (फ्रेमचा तो तुकडा ज्याला डिरेलर लागतो) बघा, वाकडा असेल तर दुकानात सरळ करून घ्या. ४६ च्या कॅसेटला वाकडा हँगर चालतच नाही, आणि गिअर नीट न पडण्याचं हेच कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलंय. क्लच बंद ठेवा. केबल न लावता डिरेलरवरच्या एच स्क्रूने त्याची वरची पुली (छोटं दातेरी चाक) छोट्या दात्याच्या बरोबर खाली आणा, मग केबल हाताने ताणून पकडीत आवळा, मोठ्या दात्यावर जा आणि एल स्क्रूने चेन स्पोकमध्ये पडणार नाही इतकं बांधा. त्यानंतर बी स्क्रू: पुली मोठ्या दात्याला घासता कामा नये, साधारण ५-६ मिलीमीटर फट. मग शिफ्टरजवळचा बॅरल ॲडजस्टर, चेन मोठ्या दात्याकडे जायला आळस करत असेल तर बाहेर, छोट्याकडे यायला करत असेल तर आत, एका वेळी पाव फेरा. सगळं जमलं की क्लच चालू करा. चाक काढायच्या वेळी तो परत बंद करायचा हे लक्षात ठेवा.

मोठ्या दात्यावर चेन ठेवून उलटं पेडल मारून बघा. एखादा दाता खाली घसरली तर थोडंफार चालतं, पण लगेच दोन-तीन दाते उतरत असेल तर प्लेट चुकून बाहेरच्या जागी लागली नाही ना ते तपासा.

पहिल्या दोन राइड झाल्या की केबल बसते आणि गिअर थोडे बिघडल्यासारखे वाटतात, बॅरल पाव-अर्धा फेरा बाहेर काढला की काम होतं. त्याच वेळी चेनरिंगचे चारही बोल्ट आणि क्रँकचा बोल्ट परत एकदा आवळून घ्या, माझा क्रँकचा बोल्ट दुसऱ्या राइडनंतर जवळजवळ अर्धा फेरा सैल झाला होता.