शेजाऱ्याचा घरगुती धंदा डोक्याला ताप झालाय? मग निदान या चुका टाळा

सोसायटीच्या कमिटीत बरीच वर्षं काढली की एक गोष्ट पक्की कळते, त्रास खरा असतो पण तक्रार करणारा माणूस स्वतःच ती वाया घालवतो. वरच्या मजल्यावर मशीन, समोरच्या फ्लॅटमधे डब्यांचं किचन, जिन्यात मोबाईल बघत बसलेली डिलिव्हरीची पोरं, क्लासच्या मुलांच्या चपलांचा ढीग, प्रकार बदलतात पण चुका त्याच. नवीन माणूस दोन दिवस सहन करतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला कायद्याची सगळी कलमं पाठ झालेली असतात, कुठून तर मोबाईलवर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "धंदा बंद करा" इथूनच सुरुवात करणं. अहो, घरात बसून काम करणं हा गुन्हा नाहीये. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या यूडीसीपीआर या बांधकामाच्या आणि जागेच्या वापराच्या नियमावलीत घरच्याच माणसांनी, पगारी कामगार न ठेवता केलेला घरगुती उद्योग राहत्या घरात चालतो, डॉक्टर-वकिलांनाही ठराविक जागेपुरती मुभा आहे. त्यामुळे "निवासी फ्लॅटमधे व्यवसाय कसा काय?" असं ओरडलात की समोरचा हाच नियम काढून दाखवतो आणि तुमचा खरा त्रास राहतो बाजूला.

आमच्या बाजूच्या विंगमधे तिसऱ्या मजल्यावर एक ताई मसाले करायच्या. आधी ओळखीपाळखीत, मग ऑनलाइन ऑर्डरी यायला लागल्या, मग मागच्या बेडरूममधे पल्वरायझर म्हणजे मसाला दळायचं मशीन आलं. एप्रिल-मे म्हणजे मसाल्याचा सीझन, बेडगी-लवंगी भाजायला घेतली की पाचव्या मजल्यापर्यंत ठसका. आणि बरोब्बर खाली काकांची बेडरूम. काका रिटायर्ड, बायपास झालेली, दुपारी जरा आडवे झाले की वर मशीन सुरू आणि यांच्या पंख्याची वाटी खुळखुळायला लागायची. मी जाऊन बघितलंय, खरंच खुळखुळायची, डोळे मिटून पडलं तर ट्रेनमधे असल्यासारखं वाटायचं.

आता काकांनी काय करावं? एकदाही वर न जाता अर्ज टाइप केला, "निवासी सदनिकेतील बेकायदेशीर कारखाना तात्काळ सील करावा", आणि महापालिका, पोलीस, सहकार खात्याचे उपनिबंधक, अन्न व औषध प्रशासन, महावितरण सगळ्यांना प्रती. झालं काय की ताईंकडे एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याच्या धंद्याचं सरकारी रजिस्ट्रेशन होतं, ते त्यांनी लॅमिनेट करून दारावरच लावलं. कामगार कोणी नाही, त्या आणि सून दोघीच. महावितरणचं म्हणाल तर घराच्या एका भागात धंदा असला आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या, वर्षाला ३६०० च्या आत असला तर घरगुती दरच लागतो, हे काकांच्या गावीही नव्हतं, ताईंचं बिल त्याच्या आत. एकेक अर्ज बंद होत गेला. वर अर्ध्या विंगेच्या घरात ताईंचाच मसाला, त्यामुळे माणसं काकांशी बोलेनाशी झाली. आणि ताई एवढ्या चिडल्या की ध्वनीच्या नियमात दिवस सकाळी ६ ते रात्री १० धरतात हे कुठून तरी शोधून काढून त्यांनी मशीन बरोब्बर सकाळी सहाला सुरू करायला घेतलं!

मग आम्ही दोघातिघांनी मधे पडून ताईंना खाली काकांच्या बेडरूममधे आणलं, खुर्चीवर बसवलं आणि सुनेला वर मशीन चालू करायला सांगितलं. पंख्याकडे बघून ताईच म्हणाल्या, अगंबाई, हे असं होतं होय. त्यांना खरंच माहीत नव्हतं, वरच्याला खालचं कधीच कळत नाही. पुढचं सगळं त्याच बैठकीत ठरलं. मशीन बेडरूममधून काढून किचनच्या ओट्याशेजारी, पायाखाली जाड रबरी पॅड, दुपारी एक ते चार बंद, आणि मिरच्या भाजायचं काम भावाच्या बैठ्या घरी. मशीनचे लोखंडी पाय थेट लादीवर टेकलेले होते म्हणून स्लॅबमधून हादरा उतरत होता, पॅड घातल्यावर वाटी गप्प. धंदा अजून चालू आहे.

तर माझी सवय अशी, कोणी तक्रार घेऊन आला की मी "धंदा" हा शब्दच खोडायला लावतो. आवाज, वास, गर्दी, हादरा, गॅस, यातलं नक्की काय आणि किती वाजता ते लिहा. आणि बोलायला जायचं ते मशीन चालू असताना नाही, तेव्हा तुम्ही तापलेले असता आणि तो ऑर्डरीच्या घाईत असतो. रविवारी सकाळी जा, घरातल्या मोठ्या माणसाशी बोला, आणि एकच मागणी घेऊन जा.

याला अपवाद एकच, गॅस. डब्यांच्या किचनमधे १४.२ किलोचे घरगुती लाल सिलिंडर रांगेने लावलेले दिसले तर चहा-गप्पा बिलकुल नकोत. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला मनाई आहे, त्यासाठी १९ किलोचा वेगळा मिळतो. गॅस एजन्सी आणि अग्निशमन दलाला लगेच लेखी कळवा, शेजारी रागावला तर रागावू दे.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे मोबाईलवरचं डेसिबल ॲप. आकडे बरोबर सांगतात लोक, २००० च्या ध्वनी नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५, पण दिवसाच्या तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल वर जावं लागतं हे वाचतच नाहीत. आणि फोन छताला चिकटवून काढलेला स्क्रीनशॉट कोण मान्य करणार? साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, सुरू कधी, बंद कधी, काय झालं. बाजूच्या घरातल्या कुणाची तरी मधूनमधून सही घ्या. कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही, सगळ्यांना एका व्हिडिओत निकाल पाहिजे. तीन आठवड्यांची वही घेऊन पोलीस स्टेशनला गेलेल्या माणसाशी साहेब वेगळ्या सुरात बोलतात, हे मी बघितलंय.

मग अर्ज कुठे करायचा? काकांसारखा सगळीकडे एकच पाठवलात तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे ढकलतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींमधेच (म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत) वाटणी दिलीय, ती सेक्रेटरीकडून मागून वाचा. फ्लॅटचा वापर बदलला, भिंत तोडली, डक्टमधे चिमणी काढली तर महापालिका. उपद्रव आणि दमदाटी असेल तर पोलीस. सभासद आणि संस्था यांच्यातला वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. उपनिबंधक हे संस्थेच्या कारभारासाठी आहेत, ते येऊन तुमच्या वरचा मिक्सर बंद करणार नाहीत. त्रास आख्ख्या वस्तीला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ (म्हणजे जुनं १३३) आहे, त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी हुकूम काढू शकतात, पण एकट्या तुमच्या बेडरूमसाठी तो रस्ता नाही, त्याला दिवाणी कोर्ट.

बाकी किरकोळ. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन लिहू नका, तोच स्क्रीनशॉट उद्या तुमच्याविरुद्ध येतो. पाणी किंवा लाईट तोडायची भाषा कमिटीने चुकूनही करू नये, आरोपी तुम्हीच व्हाल. दंड परस्पर लावू नका, आधी नोटीस, मग जनरल बॉडी, आणि तोसुद्धा वर्षाला जास्तीत जास्त ५००० रुपये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचीचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि तुमच्याच घरात मुलीचे कथकचे क्लास चालत असतील तर आधी ते बघा, विंगेतल्या लोकांना सगळं माहीत असतं.

एक राहिलंच, शेजारी भाडेकरू असेल तर त्याच्याशी वाद घालत बसण्याआधी मूळ मालकाला कळवा. बहुतेक लिव्ह अँड लायसन्स करारात जागा फक्त राहण्यासाठी दिल्याचं कलम असतं, आणि करार साधारण ११ महिन्यांचा. मालक बाहेरगावी असतो, त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो की आपल्या वन बीएचकेमधे केकची बेकरी चाललीय. सोसायटीच्या लेटरहेडवर दोन ओळी आणि वहीच्या पानांचे फोटो स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. मालकाला स्वतःच्या भिंती आणि वायरिंगची काळजी असतेच, त्याचा फोन भाडेकरूला त्याच संध्याकाळी जातो.