गाडी दोन-तीन महिने अंगणात उभी राहणार असेल तर

परभणीकडं थंडीत पारा दहाच्या खाली येतो, पण गाडीचं खरं नुकसान थंडी करत नाही, उंदीर करतात. कापूस, तूर घरात आली की तेही वस्तीकडं सरकतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून गाडी कडब्याच्या गंजीपासून, धान्याच्या पोत्यांपासून लांब लावा. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बॅटरीच्या मागं, एअर फिल्टरच्या डब्यात बघा. चिंध्या, काड्या, लेंड्या दिसल्या तर लगेच साफ करा. डांबरगोळ्यांवर फार भरवसा नको.

ताडपत्री गुंडाळू नका. पहाटेचं दव आत कोंडतं. हवा खेळेल असं कापडी कव्हर बरं, तेही गाडी धुऊन, वाळवूनच. धुळीवर कव्हर घासलं की रंगावर चरे पडतात.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. त्याआधी, वायर परत जोडल्यावर रेडिओला कोड लागतो का ते बघा, आणि रिमोटशिवाय नुसत्या किल्लीनं दार उघडतंय ना तेही. हँडब्रेक ओढून ठेवला तर चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावा.