पाचारण पारखायला निघताना : उन्हाळ्यातल्या सेवेची तयारी

एप्रिलअखेर परीक्षा संपतात, जूनमध्ये कॉलेज उघडते. पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी दिलेली हाक, पारखायला मधले सहा आठवडे एखाद्या मंडळीत (चर्चमध्ये) पाळकांच्या (पास्टरांच्या) हाताखाली काढायचे ठरवले असेल, तर बॅग भरण्याआधी आपल्या स्वतःच्या पाळकांकडे जाऊन बसा. ‘प्रभू मला सेवेसाठी बोलावतोय असं वाटतं’ हे वाक्य त्यांच्यासमोर मोठ्याने बोला. बायबलमधल्या लहान शमुवेलाने देवाची हाक ऐकली आणि तीनदा वृद्ध याजक एलीकडे धाव घेतली. हाक कोणाची, हे त्याला एलीने सांगितले. आपल्यालाही एली लागतो. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्या.

जिथे जाणार तिथल्या पाळकांशी फोनवर बोलून चार गोष्टी कागदावर ठरवा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, राहणे-जेवण कोणाकडे, प्रवासखर्च कोणाचा, आणि आठवड्यातून एक तास ते तुमच्यासोबत कधी बसणार. शेवटची गोष्ट सोडू नका. तो तास नसेल तर सहा आठवडे नुसती धावपळ होते, पारख होत नाही.

घरी सांगायला उशीर करू नका. ‘पाळकाच्या पगारात घर कसं चालणार?’ हा आईचा प्रश्न अविश्वासाचा नाही, काळजीचा आहे. त्याला बायबलचे वचन फेकून उत्तर देऊ नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. एकाच घरातही प्रत्येकाला आपापला वेळ लागतो.

आता वाचनाची तयारी. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी मराठी पवित्र शास्त्र (बायबल) रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे. मनात वाचलेले उपासनेत उपयोगी पडत नाही. मलकीसदेक, नबुखद्नेस्सर ही नावे वाचता वाचता अडखळलात, तर पुढच्या बाकावरची आजी ती पुरी करते, आणि मंडळीचे लक्ष शास्त्रभागावरून उडते. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली दहा गीते पाठ करा, त्यात टिळकांची तीन-चार असू द्या. रात्रीच्या घरगुती प्रार्थनेत वीज गेली की पुस्तक दिसत नाही, आणि गावातली म्हातारी माणसे सगळी कडवी म्हणतात.

मेमध्ये मुलांची सुट्टीतली बायबल शाळा असते, म्हणून कृतिगीते आणि दोन-तीन गोष्टी बसवून जा. मुलांबरोबर बंद खोलीत एकटे कधीही थांबू नका. सोबत दुसरा मोठा माणूस हवाच. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्याप्रमाणे (2012) ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून कोणी थांबवले तरी थांबू नका.

मी गेले तेव्हा उपदेशाची वही घेऊन गेले होते. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकबाईंनी माझ्यासमोर प्रभुभोजनाच्या पेल्यांचा ट्रे ठेवला. बोटाच्या पेराएवढे काचेचे पेले, शंभरेक तरी असतील, प्रत्येकाच्या तळाशी द्राक्षरसाचा सुकलेला थेंब. एकेक विसळायचा, फडक्याचे टोक आत फिरवून पुसायचा. शेजारी बसलेल्या बायका बोलत होत्या : कोणाची बोअर आटली, कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाच्या घरी पुन्हा दारू शिरली. मंडळी मला तिथे कळली. म्हणून अशा कामाची मनाने तयारी करून जा, आणि तिथे ऐकलेले कोणाच्या नावानिशी वहीत लिहू नका.

सगळ्यात कठीण तयारी दुःखाच्या घराची. चौथ्या आठवड्यात एका घरी तरुण मुलगा गेला. मी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडला, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते वचन वाचायला. पाळकसाहेबांनी हळूच हात पुढे करून माझे पुस्तक मिटवले. मग ते ओट्यावर त्या बापाशेजारी पाऊण तास नुसते बसले. निघताना बापाने त्यांचा हात धरला, तो सोडवेना. वचन खरेच होते, वेळ त्याची नव्हती. तेव्हा प्रेतसंस्काराचा विधी आधी एकदा वाचून ठेवा, दोन ओळींची प्रार्थना येऊ द्या, आणि बोलावेसे वाटत असताना गप्प बसायची सवय करा.

बॅगेत सुती कपडे, पाण्याची बाटली, टॉर्च, टोपी आणि कोरी वही पुरे. वहीत रोज रात्री तीन गोष्टी लिहा : कशात आनंद वाटला, कशाने जीव थकला, कोणी काय सांगितले. उपदेशाचे कौतुक झाले तेही लिहा, पण आजाऱ्याच्या घरी दुसऱ्यांदा जावेसे वाटले का, ते आधी लिहा. मला तरी पाचारणाची खूण तिथेच दिसली.

पुढे शिकायचे ठरलेच, तर बी. डी. या धर्मशास्त्राच्या पदवीची माहिती निघण्याआधी वाचून ठेवा. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांत शिकता येते. पदवी सेरामपूर विद्यापीठाची असते (हे सेरामपूर बंगालमधले, अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे). प्रवेशाला बहुधा आपल्या मंडळीची किंवा डायोसिसची (बिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताची) शिफारस लागते. अर्ज मात्र त्या सहा आठवड्यांत भरू नका.

परतीचे तिकीट शनिवारचे काढा. रविवारी आपल्या मंडळीत, नेहमीच्या बाकावर बसा. उपासनेनंतर दारात सलाम करताना पाळक विचारतील, ‘कसं झालं?’ त्यांना लगेच उत्तर देऊ नका; वही द्या आणि भेटीची वेळ मागा.