नवीन तलाठ्यांसाठी: पगाराची वही वेगळी, कामाची वेगळी

नेमणुकीचा आदेश घेऊन आलेली मुलं आधी विचारतात, "मॅडम, हातात किती येतात?" विचारायलाच हवं. सातव्या वेतन आयोगात तलाठ्याचा स्तर एस-८, मूळ वेतन २५,५००, पहिल्या वेतनवाढीनंतर २६,३००. वर महागाई भत्ता आणि घरभाडं. सेवाभाव असेल तर पगाराचं बोलू नये, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

दर महिन्याला सेवार्थ या सरकारी पगाराच्या संगणक प्रणालीतून वेतनचिठ्ठी काढून बघा. वर्षातून एकदा आस्थापनेच्या टेबलावर जाऊन सेवापुस्तक उघडा. वेतनवाढ, रजा, सगळ्या नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माझी एक वेतनवाढ दोन वर्षं चढलीच नव्हती. मी अर्ज केला नाही, नुसती धुमसत राहिले. त्याच दिवसांत नवऱ्याच्या पश्चात वारस नोंदीसाठी एक बाई आली. "उद्या या," "साहेब नाहीत," असं करत मी तिला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा तिने मृत्यूचा दाखला पुढे केला, तर तो घडीवर फाटलेला. उघडून-मिटून फाटला होता. दर खेपेला तिचा रोज बुडाला होता. माझी वेतनवाढ तिने अडवली नव्हती. त्या दिवशी तिचा अर्ज घेऊन पोच दिली, आणि संध्याकाळी माझा अर्ज लिहून दुसऱ्या दिवशी आवक क्रमांक घेतला.

तेव्हापासून एक साधी वही ठेवली. अर्जदाराचं नाव, तारीख, आणि तिसरा रकाना हेलपाट्यांचा. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद बदलण्याच्या, नोटिशीला पंधरा दिवस लागतात, पुढे मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे पहिल्याच खेपेला सांगून यायची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या. त्या रकान्यात दोनच्या वर आकडा गेला, की चूक कुठे झाली ते आधी आपल्याकडे शोधा. पगार वाढल्याने हा आकडा खाली येताना मी पाहिला नाही. पगार अडला, की मात्र तो हमखास वर जातो.

हक्कासाठी संपावरही जा. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनचा संप आणि अवकाळी पाऊस एकदमच आले, पंचनामे रखडले. २० मार्चला संप मिटला, दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही आडव्या झालेल्या गव्हात उभे होतो. म्हणून संपावर जाण्याआधी अडलेल्या कामांची यादी वहीत उतरवा, आणि परतल्यावर ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याच्यापासून सुरुवात करा.