वॉशची चमक मंदावेपर्यंत

जलरंगात पावसाळी शहर रंगवताना आभाळ छान उतरतं, लांबच्या इमारती त्यात विरघळतात, आणि मग ‘इथे जरा गडद हवं’ म्हणून आपण ब्रश पाण्यात बुडवतो. माझी कितीतरी चित्रं तिथेच गेली. दोन मिनिटांत मनोऱ्याशेजारी फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटायचा आणि मी कागदाला दोष देत बसायचे.

दोष पाण्याचा होता. सुकत आलेल्या वॉशला, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थराला, त्याहून ओला ब्रश लागला, की जादा पाणी बाजूला पसरतं आणि रंगाचे कण ढकलत नेतं. ते जिथे अडतात तिथे कड उठते. म्हणून आधी कागदाखालचा बोर्ड डोळ्यांसमोर तिरका धरून बघा. आरशासारखी चमक आहे? खुशाल रंग सोडा, पसरू दे. चमक मंदावली? हीच धुक्यातल्या इमारतींची वेळ. रंग दाट, ब्रश फडक्यावर टिपलेला. चमक गेलीय, पण कागद हाताच्या पाठीला गार लागतोय? मग हात लावू नका. अजिबात नाही. पूर्ण सुकू द्या, मगच पुढचा थर.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जिथे शिकायला जायचे तिथले सर माझ्याच कागदावर चार फटकारे मारून चित्र सावरून द्यायचे. चित्र वाचायचं, मला मात्र काही कळायचं नाही. तुमच्या कागदावर स्वतःचा ब्रश चालवणारा गुरू टाळा, असंच मी म्हणेन.

कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड), सुती घ्या. पातळ कागद फुगतो आणि खळग्यात पाणी साचतं. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, या दोघांतून शहराचे बहुतेक करडे निघतात, तयार काळा लागत नाही. धुक्यासाठी वरून पांढरा फासणंही मला पटत नाही. इंग्लिश जलरंगचित्रकार थॉमस गर्टिनचं 1800 सालचं, लंडनमधल्या चेल्सीच्या पांढऱ्या घराचं चित्र बघा: नदीकाठची सगळी संध्याकाळ दबलेल्या छटांत आहे, म्हणून तेवढं एक घर उजळतं.

डाग पडलाच तर घाबरू नका, ओल्यात चोळूही नका. सुकल्यावर ओलसर ब्रशने कड सैल करून टिश्यूने टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो, थॅलो निळा हट्टी. मी अजूनही त्याच कागदाच्या तुकड्यावर तोच वॉश ओढून शेजारी ठेवते. शंका आली की ब्रश आधी तिथे टेकवते.